खाशाबा आणि न मिळालेला अर्धा तास

२३ जुलै १९५२ रोजी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले हे पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. ते १९९६ मध्ये लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक तर सुशील कुमार यांनी २००८ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी आणले. खाशाबांचे गाव कराडजवळचे गोळेश्वर. सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत आजही तालमीत नव्याने आलेल्या पोराला खाशाबांची गोष्ट सांगितली जाते.

त्या गोष्टीत एक प्रसंग हमखास येतो. हेलसिंकीत एक लांबलेली, दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या लढतीसाठी पुकारण्यात आले. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम पंचांपुढे ठासून मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि हरले.

ही गोष्ट बहुधा अन्याय म्हणून सांगितली जाते, आणि तो अन्याय होताच. पण वैद्यकशास्त्राच्या नजरेनेही ती पाहण्यासारखी आहे. अर्ध्या तासात पैलवानाच्या शरीरात नेमके काय घडते, आणि तो अर्धा तास हिरावला गेला तर काय उणे पडते, हे आज छातीवर बांधायच्या एका साध्या पट्ट्याने दाखवता येते. योगायोग असा की तो पट्टा घडला तोही फिनलंडमध्येच.

गोळेश्वरचा पोरगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच कुस्ती असल्याने लहान वयातच त्यांच्या अंगाला लाल माती लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चले जाव चळवळीत या भागातील अनेक तरुणांप्रमाणे त्यांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याची, निरोप पोहोचवण्याची कामे केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण आणि पकड चिवट. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

तालमीतल्या मेहनतीने दंड, मांड्या आणि मान भरते, हे सगळ्यांना दिसते. हृदयही भरते, ते मात्र दिसत नाही. वर्षानुवर्षे जोर, बैठका, धावणे आणि लढतीचा सराव केला की हृदयाचा डावा कप्पा मोठा आणि बळकट होतो. एका आकुंचनात तो अधिक रक्त बाहेर ढकलतो. त्यामुळे शरीर स्वस्थ असताना तेवढेच रक्त फिरवायला कमी ठोके पुरतात. सामान्य माणसाची नाडी बसल्या जागी मिनिटाला ७० ते ७५ असेल, तर कसलेल्या खेळाडूची ५० किंवा त्याहूनही कमी असू शकते.

जोरदार श्रमाच्या वेळी चित्र उलटते. विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवणारे हृदय कसलेल्या खेळाडूत २० ते २५ लिटरपर्यंत रक्त फिरवू शकते. ठोक्यांची कमाल मर्यादा मात्र मेहनतीने फारशी वाढत नाही. ती मुख्यतः वयावर अवलंबून असते. मेहनतीने वाढते ती प्रत्येक ठोक्याची ताकद, आणि श्रम थांबल्यावर ठोके खाली येण्याचा वेग. या दुसऱ्या गुणाकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष गेले.

माती सुटली, गादी आली

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाचा खर्च उचलला. तोपर्यंत त्यांची सारी कुस्ती मातीतली होती. गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्यासमोर खऱ्या अर्थाने आले ते लंडनमध्येच. अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना खाशाबांनी हरवले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि ५२ किलो गटात सहावे आले. पहिल्याच खेपेला आणि अनोळखी गादीवर मिळालेला हा सहावा क्रमांक त्या काळी लहान नव्हता.

माती आणि गादी यांतला फरक नुसत्या पृष्ठभागाचा नाही, तो हृदयावरच्या भाराचाही आहे. मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. खडाखडी, ताकद अजमावणे, दम धरून संधीची वाट पाहणे, यांना तिथे वेळ असतो. गादीवर घड्याळ आणि गुण आले. ठरलेल्या मिनिटांत गुण मिळवायचे म्हणजे पुन्हा पुन्हा झडप घालायची, सुटायचे, लगेच पुन्हा भिडायचे. अशा लढतीत नाडी काही सेकंदांतच कमाल मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांवर जाते आणि खाली यायच्या आत पुन्हा चढते. मातीत दम टिकवावा लागतो. गादीवर गेलेला दम चटकन परत आणावा लागतो.

जर्मनीत नाडी मोजली जात होती

दम परत आणण्याचे शास्त्र त्या काळी युरोपात आकार घेत होते. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ एकत्र आले. धावपटूला छोटे अंतर वेगाने पळवायचे, नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाऊ द्यायची आणि मग थांबवायचे. नाडी १२० ते १२५ वर उतरली की पुढची धाव. हे उतरणे साधारण ९० सेकंदांत व्हायला हवे. तेवढ्यात झाले नाही, तर दिलेला भार जास्त झाला असे समजायचे आणि तो कमी करायचा. म्हणजे किती पळायचे आणि कधी थांबायचे हे प्रशिक्षकाच्या रागालोभावर न ठेवता खेळाडूच्या नाडीवर सोपवले गेले. गेर्शलर यांचे शिष्य रुडॉल्फ हार्बिग यांनी १९३९ मध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला.

खाशाबा ज्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली. झाटोपेक यांचा सरावही वेगाची छोटी धाव, मध्ये हलकी धाव, पुन्हा वेगाची धाव, असाच होता. आज त्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात.

मात्र नाडी मोजायची तर खेळाडूला थांबवून मनगटावर बोटे ठेवावी लागत. श्रम चालू असताना हृदयाची नोंद घेणे जवळजवळ अशक्य होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओ लहरींनी पाठवणारे यंत्र बनवले खरे, पण ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. खाशाबांच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त! असे यंत्र घेऊन कुस्तीचा सराव करणे कल्पनेतही बसणारे नव्हते. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाचा डोळा हेच मोजमाप होते. पोराच्या चेहऱ्याचा रंग, श्वासाची धाप आणि पायांची थरथर पाहून अनुभवी वस्ताद त्याला थांबवत. हा डोळा पुष्कळदा अचूक असे, पण तो वस्तादाबरोबरच असायचा. परदेशातल्या गादीच्या कडेला तो नव्हता.

गहाण पडलेले घर

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी चार वर्षे गादीच्या कुस्तीची तयारी केली आणि वजनगट बदलून ते ५७ किलोत आले. हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा होता. सरकारी मदत पुरेशी मिळेना. खाशाबा वर्गणीसाठी दारोदार फिरले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ मध्ये या रकमेची किंमत फार मोठी होती.

एवढ्या ओढाताणीत संघाबरोबर डॉक्टर, मालिशवाला, आहारतज्ज्ञ किंवा खेळाडूची बाजू मांडणारा व्यवस्थापक सतत सोबत असण्याची चैन कुठून येणार? खेळाडूचे तिकीट निघाले हीच मोठी गोष्ट होती. कोल्हापूरचेच केशव मानगावे हेही त्या स्पर्धेत ६२ किलो गटात उतरले होते. त्यांचा क्रमांक चौथा आला. पदक थोडक्यात हुकले. एकाच मातीतले दोन मल्ल जगातल्या पहिल्या चारांत आले, ही त्या वर्षीची कमाई होती.

हेलसिंकीच्या गादीवर

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर मात केली. पुढे गाठ पडली ती जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव यांच्याशी. इशींबरोबरची लढत लांबली आणि अगदी थोडक्या फरकाने गेली. याच टप्प्यावर विश्रांतीशिवाय उतरावे लागण्याचा तो प्रसंग घडला. इशींना सुवर्ण, ममदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

आता तो अर्धा तास पाहू. लांबलेल्या, तुल्यबळ लढतीनंतर पैलवान गादीबाहेर येतो तेव्हा त्याची नाडी १८० च्या घरात असू शकते. पहिल्या मिनिटात ती झपाट्याने उतरते, कारण हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी पुन्हा जागी होते. त्यानंतरची उतरण संथ असते. श्रमाच्या वेळी रक्तात मिसळलेली ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये ओसरायला आणि तापलेले शरीर थंड व्हायला वेळ लागतो. नाडी पूर्ववत व्हायला दहा मिनिटे पुरत नाहीत. कधी कधी तासभरही ती थोडी चढीच राहते.

स्नायूंचा हिशेब वेगळा असतो. झडप घालायला लागणारी तातडीची ऊर्जा स्नायूत फॉस्फोक्रिएटिन या रूपात असते. तिचा बहुतांश साठा पाच-सात मिनिटांत भरून येतो. पण लढत लांबली की स्नायू प्राणवायूशिवाय साखर जाळू लागतात आणि रक्तात लॅक्टेट वाढते. विश्रांतीत लिटरमागे एक मिलिमोलच्या आसपास असणारे हे प्रमाण चुरशीच्या कुस्तीनंतर दहाच्या पुढे जाते. लॅक्टेट हे काही विष नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. पण त्याचे वाढलेले प्रमाण म्हणजे स्नायूतली आम्लता वाढल्याची खूण. अशा स्नायूची पकड सैल पडते, पाय जड होतात आणि डाव सुचतो पण शरीर वेळेवर हलत नाही. स्वस्थ बसल्यास लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण २० ते २५ मिनिटे लागतात. हलके चालत राहिल्यास ते जरा लवकर उतरते.

म्हणजे नियमातली ३० मिनिटे ही पैलवानाचे लाड नव्हती. रक्त आणि स्नायू पुन्हा लढण्याजोगे होण्यासाठी तेवढा अवधी खरोखरच लागतो. पूर्ण अर्धा तास मिळता तर पदकाचा रंग बदलला असता का, हे शास्त्र सांगू शकत नाही. समोरचे दोघेही जगातले उत्तम मल्ल होते. पण विश्रांती न मिळालेला मल्ल आणि विश्रांती मिळालेला मल्ल यांच्यातली लढत बरोबरीची नसते, एवढे ते ठामपणे सांगते. अशा अवस्थेत उतरूनही खाशाबांचे तिसरे स्थान टिकले. आधीच्या लढतींत त्यांनी काय दर्जाची कुस्ती केली होती, हे यावरून कळते.

फिनलंडने बांधलेला पट्टा

हेलसिंकी ऑलिंपिकनंतर पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, त्याच शहरातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ मार्टी कार्वोनेन यांनी व्यायाम आणि नाडी यांच्या संबंधावरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची मांडणी साधी आहे. माणसाची कमाल नाडी आणि विश्रांतीची नाडी यांच्यातला फरक म्हणजे त्याची नाडीची शिल्लक. व्यायामाचा भार या शिलकीच्या टक्केवारीत ठरवायचा.

उदाहरणादाखल २६ वर्षांचा पैलवान घेऊ. हेलसिंकीत खाशाबांचे वय तेवढेच होते. २२० मधून वय वजा केले की कमाल नाडी अंदाजे १९४ येते. सकाळी उठल्यावरची नाडी ५० असेल तर शिल्लक १४४. तिचे ६० टक्के म्हणजे सुमारे ८६. त्यात ५० मिळवले की १३६. दम वाढवणाऱ्या लांब, संथ मेहनतीत नाडी या आसपास असावी. ८५ टक्क्यांचा हिशेब केला तर आकडा १७२ येतो. तो थोड्या वेळाच्या, कडक मेहनतीचा. २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे. प्रत्यक्षात ते दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होऊ शकते, आणि चाळिशीपुढे २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचे सूत्र अधिक जवळ जाते.

हिशेब तयार होता, पण चालू मेहनतीत नाडी दाखवणारे हलके साधन नव्हते. ते आणले औलू विद्यापीठातील प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी. बर्फावर लांब अंतर घसरत जाणाऱ्या फिनलंडच्या स्की खेळाडूंना नाडी मोजण्यासाठी थांबावे लागू नये, हा त्यांचा हेतू. १९७७ मध्ये त्यांनी पोलर ही कंपनी काढली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ असा बिनतारी जोड बाजारात आला.

या पट्ट्याचे काम समजायला सोपे आहे. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी त्यात विजेची लाट पसरते. ती छातीच्या कातडीपर्यंत पोहोचते. पट्ट्याच्या आतल्या बाजूची दोन संवेदनपट्टिका ती टिपतात. ईसीजीच्या कागदावर जे उंच टोक दिसते, त्याच टोकांमधले अंतर पट्टा मोजतो आणि मिनिटाचे ठोके काढून घड्याळाला कळवतो. मनगटी घड्याळ हिरव्या प्रकाशाने कातडीखालच्या रक्ताची हालचाल पाहते. चालताना किंवा संथ धावताना ते ठीक असते. पण मूठ आवळली, मनगट वाकले, दोर चढला किंवा जोर मारले की त्याचा अंदाज चुकू लागतो. पैलवानाची तर सारी मेहनत मुठीची आणि मनगटाची. त्यामुळे त्याच्यासाठी छातीचा पट्टाच अधिक भरवशाचा.

खाकी वर्दीतली वर्षे

पदक घेऊन खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाच्या वाटेला कित्येक तास लागले. पण या जल्लोषातही त्यांना प्राचार्यांच्या गहाण पडलेल्या घराचा विसर पडला नव्हता. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि ते घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा विचार चालू असताना गुडघ्याने दगा दिला. आज अशा दुखापतीवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने शास्त्रशुद्ध व्यायाम देऊन अनेक मल्ल पुन्हा उभे राहतात. त्या काळी ती वाट नव्हती. पोलीस खात्यात त्यांनी २७ वर्षे नोकरी केली, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, पोरांना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांचा सहभाग होता. त्याच सुमारास तिकडे फिनलंडचे खेळाडू छातीवर पट्टा बांधून सराव करू लागले होते.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, क्रीडा संघटनांनी फारशी दखल घेतली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५८. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आजच्या तालमीसाठी

कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर हे सांगली जिल्ह्याचेच. इथल्या तालमी आजही भरलेल्या असतात. विश्रामबागेत पहाटे धावणारे आणि सायकल चालवणारेही वाढले आहेत. ज्यांना पट्टा वापरायचा आहे त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांवर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधावा. संवेदनपट्टिका आधी पाण्याने ओल्या कराव्यात. कोरड्या कातडीवर सुरुवातीचे आकडे भलतेच येतात. मेहनत झाली की पट्टा धुवून वाळवावा. तालमीत एकच पट्टा चौघांनी वापरू नये. पैलवानांत गजकर्ण लवकर पसरते, आणि घामट पट्टा त्याला आयतेच वाहन होतो. मधले यंत्र सामाईक चालेल, कापडी पट्टा प्रत्येकाचा वेगळा असावा.

प्रत्यक्ष लढतीत पट्टा बांधू नये. तो घसरतो आणि त्याचे टणक यंत्र दोघांनाही लागू शकते. धावणे, दोर, बैठका, डमी फेकणे या मेहनतीत तो बांधावा. प्रत्येक फेरीनंतर एका मिनिटात नाडी किती उतरली, ते वहीत लिहावे. आठवड्यामागून आठवडे हा आकडा वाढत गेला तर दम वाढतो आहे. तो घसरू लागला आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी चढी राहू लागली, तर शरीर विश्रांती मागते आहे. झोप कमी, ताप येऊ घातलेला, पाणी कमी किंवा वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, यांपैकी काहीतरी मागे असते. वजन देण्याच्या आधी पाणी तोडणाऱ्या मल्लांत रक्ताचे प्रमाण घटते आणि त्याच मेहनतीला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. तापात मेहनत करणे तर पूर्ण टाळावे. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर ते जिवावर बेतू शकते.

मध्यमवयीन वाचकांसाठीही या आकड्याला अर्थ आहे. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरते अशा लोकांत पुढील वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. ती मोजणी रुग्णालयातल्या ट्रेडमिलवर झाली होती, म्हणून घरच्या एका आकड्याने घाबरून जाऊ नये. पण नाडी सातत्याने संथच उतरत असेल तर तपासून घ्यावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटाची औषधे घेणाऱ्यांना वर दिलेली सूत्रे लागू पडत नाहीत. पेसमेकर असलेल्यांनी पट्टा बांधण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पट्ट्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. तो ठोके मोजतो, रोग ओळखत नाही. व्यायामात छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतल्याशिवाय मेहनत सुरू ठेवू नये. शिवाय श्वास रोखून केलेल्या पकडीत रक्तदाब किती चढतो आणि स्नायू किती थकतात, हे नाडीचा आकडा पूर्णपणे सांगत नाही. तिथे वस्तादाचा डोळाच हवा.

पट्टा परवडत नसेल तर मनगटावर दोन बोटे आणि भिंतीवरचे घड्याळ पुरेसे आहे. थांबल्याबरोबर १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणावे, एक मिनिटाने पुन्हा मोजावे. प्रत्येक तालमीत एक जण तरी असा असावा, की जो हे दोन आकडे लिहील आणि पोरगा सावरलेला नसताना त्याला पुन्हा हौद्यात उतरू देणार नाही. हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने उभे राहायला असे कुणी नव्हते. आपल्या तालमीत मात्र अशा माणसाची सोय करणे आपल्याच हातात आहे.